रुपेरी पाठीचा फोटो

"काका, हा आत्याचा फोटो नाहीच!" ईश्वरी भिंतीसमोर थबकून ओरडली.

नवी मुंबईत, सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा वाजता सुनीती आत्याने काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन होतं. सुनीती आत्या म्हणजे ईश्वरीच्या बाबांची बहीण. आफ्रिकेच्या डोंगरांत राहून तिने पाच वर्षं गोरिल्लांचा अभ्यास केला होता. ईश्वरी तीन वर्षांची असताना तिची आई गेली आणि आत्या सगळं सोडून परत आली, ती कायमचीच. आता ईश्वरीचं बारावं सरलं होतं, तरी ते मनात सलायचं. आपल्यामुळे आत्याचं जंगल सुटलं! म्हणून तर शिवतेज आणि रंजिता या दोस्तांना हाताशी धरून तिने सुट्टीत या प्रदर्शनाचा घाट घातला होता.

आणि आता मधल्या सगळ्यात मोठ्या फ्रेममध्ये भलताच गोरिल्ला बसला होता!

फ्रेम करून आणायचं काम जयप्रकाश काकांकडे होतं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. "अगं, काळा, केसाळ, दांडगा," ते म्हणाले. "गोरिल्ला तो गोरिल्ला! टेन्शन कशाला घेतेस?"

"असं कसं, काका? गोरिल्लांच्या दोन जाती असतात, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची. आत्याचे पूर्वेकडचे, त्यातले पहाडी. तिथे कडाक्याची थंडी, म्हणून त्यांचे केस लांब, दाट, काळेभोर. याचे बघा ना! आखूड, तपकिरी, आणि टाळूवर तांबूस टोपी घातल्यासारखी. हा पश्चिमेकडचा, सखल जंगलातला!"

"आणि साहेब फांदीवर बसून फळं हाणतायत!" शिवतेज म्हणाला.

"बरोबर! सखल जंगलातले फळांसाठी झाडांवर चढतात. डोंगरावर फळं फारशी नसतातच. पहाडी गोरिल्ला बसतात जमिनीवर, बांबूचे कोंब आणि पाला खात."

रंजिता फोटोला नाक लावून बघत होती. "अरे, मागे जाळी आहे! हा तर प्राणीसंग्रहालयातला!"

"पहाडी गोरिल्ला कुठल्याच प्राणीसंग्रहालयात नाहीत, काका," ईश्वरी हळूच म्हणाली.

काका मटकन खुर्चीत बसले. "सकाळी शिरवण्याला फ्रेमवाल्याकडे पोचलो, तर मोठ्या फोटोचं पाकीटच नाही! मग इंटरनेटवरून एक छापून घेतला. म्हटलं, कुणाला कळतंय!"

"पण त्याची दुसरी प्रत नाही! आफ्रिकेतून निघताना आत्याने हा एकच छापून घेतला होता, आणि वाटेत तिचा कॅमेरा चोरीला गेला!" ईश्वरी काकांसमोर येऊन उभी राहिली. "फ्रेमवाल्याआधी कुठे कुठे गेला होतात?"

"बँक... पेट्रोल पंप... आणखी कुठे बरं? सगळं घाईत गं! काही आठवत नाही."

रंजिता टेबलावरची बाकीची पाकिटं उलटीपालटी करू लागली. एकावर काहीतरी चकचकीत चिकटलं होतं. नखाने उचलून तिने ते उजेडात धरलं.

"खवला! आणि एवढा मोठा? जिताड्याचा!" रंजिता जवळच्याच दिवाळे कोळीवाड्यातली. तिला मासे कोण शिकवणार! "काका, तुम्ही आमच्या गावात मासे घ्यायला गेला होतात!"

"अरे हो! पाहुण्यांसाठी..."

"आज जिताडा फक्त सुंदराबाईंकडे होता. आई सकाळीच सांगत होती. चला!"

तिघांनी सायकली दामटल्या. चार वाजून गेले होते. दिवाळ्याच्या गल्लीत शिरेपर्यंत ईश्वरी एकच घोकत होती, पाणी लागलं नसू दे, पाणी लागलं नसू दे.

सुंदराबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. मुलांचं ऐकताच त्या उठून आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. कोरडं ठणठणीत!

"यो तुमचा हाय काय? त्या बाबानी जिताडा कापून घेतला न पाकीट हितंच ईसरला. आत बघतंय तं येवढा दांडगा, न बारक्या पोराला कसा छातीशी धरलाय! माझं मन भरून आलं. भिजंल म्हनून तांदलाच्या डब्यान ठेवला."

ईश्वरीने फोटो बाहेर काढला. धुक्यात बसलेला नर, पाठीवर रुपेरी पट्टा. त्याच्या काळ्याभोर केसांत तोंड खुपसून एक पिल्लू झोपलं होतं. फोटोच्या मागे आत्याचं अक्षर होतं : 'आई जाऊन आठवडा झाला. पिल्लू आता याच्याच घरट्यात झोपतं.'

ईश्वरीने दोनदा वाचलं. रंजिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सहाला पाच मिनिटं असताना फोटो भिंतीवर लागला. आत्या आली आणि त्याच्यासमोर उभीच राहिली.

"आत्या," ईश्वरीने धीर करून विचारलं, "माझ्यामुळे तुला हे सोडावं लागलं ना?"

आत्याने तिला जवळ ओढलं. "वेडाबाई! हा फोटो काढला त्याच दिवशी तुझ्या बाबांचा फोन आला होता, वहिनी गेल्याचा. दुसऱ्या दिवशी मी या दोघांना बघत बसले. एवढा आडदांड नर, पण पिल्लू मागे पडलं की थांबायचा. रात्रीचं घरटं रचायचा, आधी त्याला आत घ्यायचा. संध्याकाळी मी सामान बांधलं. तुझे बाबा तर म्हणत होते, येऊ नकोस, मी बघतो. मलाच यायचं होतं गं, ईशू. एक दिवसही पस्तावले नाही."

ईश्वरीने आत्याच्या खांद्यात तोंड लपवलं.

तेवढ्यात जयप्रकाश काकांनी माइक हातात घेतला. "मंडळी, माझ्या हलगर्जीपणामुळे आज एक अमोल फोटो गेलाच होता. या तीन पोरांनी तो शोधून आणला! सुंदराबाईंनी जिवापाड जपला! शाबास रे पोरांनो, शाबास!" हॉलभर टाळ्या पडल्या. शिवतेजने उगाचच कॉलर ताठ केली.

मग एक इवलासा मुलगा येऊन ईश्वरीचा फ्रॉक ओढू लागला. "ताई, हा त्या पिल्लाचा कोण?"

ईश्वरीने डोळे पुसले, त्याला कडेवर घेतलं आणि फोटोजवळ नेलं. "ये, सांगते," ती म्हणाली.