गवयाची अर्धी ओळ

ऑफिसातल्या तिच्या खोलीतला एसी बंद पडला, म्हणून लॅपटॉप उचलून ती दुसरी जागा शोधत निघाली. रिकामी असेल असं वाटून तिने जी खोली उघडली, तिथे एक तरुण ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कोबीला लाटण्याने बदडत होता.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. आणखी दोन रट्टे घातले, माइक बंद केला आणि म्हणाला, "झालं. राक्षसाच्या बरगड्या मोडल्या. बोला."

"मी... बसायला जागा बघत होते."

"कोबीशेजारी चालेल?"

हा नवा आवाजवाला, खेळांसाठी आवाज तयार करणारा. महिन्यापूर्वी आला होता. कॉफीच्या मशीनपाशी बहुतेकदा तिच्या मागे उभा असायचा, एवढीच ओळख. ती याच कंपनीत व्हिडिओ गेममधल्या लढायांचे आकडे बसवायची. कोणाचा वार किती, कोण किती घाव सोसणार, सगळं तिच्या हातात. ऑफिसात तिला आकडेबाईच म्हणत.

बसता बसता तिची नजर त्याच्या पडद्यावरच्या खेळाकडे गेली, आणि ती तशीच उभी राहिली. किल्ल्यातला अजगर मरून पडला होता. समोर चौघांची टोळी: ढालवाली, तिरंदाज, वैद्य आणि... गवई! चक्क जिवंत!

गवई तिचा लाडका. त्याच्या गाण्याने सोबत्यांच्या अंगात बळ यायचं, पण स्वतः तो दोन फटक्यांत आडवा. चाचणी घेणारं कोणीच त्याला टोळीत घेत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ तर म्हणायचा, "ताई, तुझा गवई म्हणजे खायला काळ आणि भुईला भार." आज चार वाजता बैठक होती आणि साहेब गवयाला खेळातून काढून टाकणार होते.

"हा वाचला कसा?"

"पुढे उभा केला. ढालवालीच्या शेजारी."

"पुढे? अहो, शत्रू आधी सगळ्यात दुबळ्यालाच मारतो! नियम मीच लिहिलाय."

"मारू दे की. शेजाऱ्यावरचा वार ढालवाली स्वतःवर घेते, आणि दर वाराला तिचा संताप वाढतो. हा नियम कोणी लिहिला?"

"...मीच."

"मग झालं तर! हा बापडा गात उभा राहतो, सगळे त्याच्यावर धावतात, आणि बाई तापत जातात. संताप काठोकाठ भरला, की एकच टोला!"

दोन्ही नियम तिने वेगवेगळ्या वेळी लिहिले होते, वेगवेगळे तपासले होते. नाजूक माणूस मागेच ठेवायचा, असं सगळ्यांसारखं तिनेही गृहीत धरलं होतं. तिने मनातल्या मनात हिशेब मांडून पाहिला. बरोबर होता. नुसता बरोबर नाही, सुंदर होता! त्याच्या केसांत कोबीचं पान अडकलं होतं, तरीही तो तिला फार देखणा वाटला. तरीही, की म्हणूनच... कोण जाणे.

"तुम्हाला सुचलं कसं हे?"

"सुचलं कुठे? त्याला मरू द्यायचं नव्हतं, एवढंच." त्याने लाटणं उगाच पुसलं. "तो मेला की गाणं थांबतं ना."

चार वाजता ती साहेबांपुढे खेळायला बसली. आवाजवाला शेजारी. गवई पुढे उभा राहिलेला पाहून साहेब हसले, "बळीचा बकरा का?" अजगर धावून आला, ढाल पुन्हा पुन्हा खणाणली, तिचा अंगठा माघारीच्या बटणाकडे वळला...

"थांबा," तो कुजबुजला. "गाऊ दे त्याला."

ती थांबली. पुढच्याच क्षणी ढालवालीचा टोला बसला आणि अजगर कोसळला.

"राहू दे तुमचा गवई," साहेब म्हणाले. "पण ते गाणं मध्येच तुटतं. ती चूक तेवढी काढा."

आवाजवाल्याचे कान लाल झाले. "चूक नाही, साहेब. माझ्याकडे... तेवढंच आहे."

तिने पहिल्यांदाच ते गाणं नीट ऐकलं. चाल ओळखीची होती. चांगलीच ओळखीची!

बैठक सुटल्यावर तिने त्याला मशीनपाशी गाठलं. "ते गाणं मी गुणगुणते तेच आहे."

"हो. कप भरला की मशीन वाजतं आणि तुम्ही थांबता. मला पुढचं कधी मिळालंच नाही." त्याने मान खाली घातली. "आधी विचारायला हवं होतं. नको म्हणालात, तर आत्ता काढतो."

"राहू दे."

तिने कप ठेवला, पण बटण दाबलं नाही. हळूच सुरुवात केली, नेहमीच्या जागी पोचली—आणि न थांबता पुढे गेली. तो श्वास रोखून ऐकत होता.

"हे पण... खेळात घालू?"

"नाही हं," ती म्हणाली. "गवयाला अर्धीच ओळ पुरे. ही तुझी."

"तुझी?"

"मग काय, अहो-जाहो करत गाऊ?"

मागून कोणीतरी खाकरलं. "आकडेबाई, कॉफी घेताय की मैफल आहे?"

खाकरणाऱ्याला वाट द्यायला दोघेही झटकन सरले—एकाच बाजूला, शेजारी शेजारी.