न बोलता चढायचा डोंगर

सुरतेच्या पर्वत पाटिया नाक्यावर पहाटे उभ्या असलेल्या पांढऱ्या इको गाडीत मी डोकावले. "डांगच्या डोंगरांत ना?" विचारलं. "हो, बसा," आतला तरुण म्हणाला, आणि मी बसले. ट्रेकच्या ग्रुपमध्ये मी कुणालाच ओळखत नव्हते; पण ट्रेकला कुणी परात-पातेल्यांसकट निघत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं.

बारडोली मागे पडल्यावर उलगडा झाला. ही मंडळी सुरतेतल्याच बमरोलीची, मूळची खानदेशातली. हिलालकाका मोठ्या दुखण्यातून उठले होते, आणि सरलाबाई नवऱ्यासाठी बोललेला नवस फेडायला निघाल्या होत्या. माझा ग्रुप तोवर पार पुढे गेलेला. मी ओशाळून उतरू लागले, तर सरलाबाईंनी हात धरला.

"चाल आमनासंगे, पोरी. डोंगर तो डोंगरच."

नवस असा, की थोरल्या मुलाने पायथ्यापासून माथ्यावरच्या देवापर्यंत एक शब्द न बोलता चढायचं. थोरला म्हणजे योगराज, मला "बसा" म्हणणारा. मिलमध्ये साड्यांची डिझाइनं करतो. पुढे तोंडाला कुलूप आहे म्हणून गाडीतच त्याने बोलण्याची सगळी हौस फेडून घेतली, आणि माझं नाव, बँक, आवडनिवड सगळं काढून घेतलं.

काका गाडीपाशी थांबले. योगराजने हात जोडले आणि गप्प झाला. या डोंगराला पाटी नाही, धड वाट नाही. पाय कुठे ठेवायचा ते तो बोटाने दाखवायचा... मी मुद्दाम विचारायचे, "दमलात, की नुसता रुबाब?" – तो गालातल्या गालात हसायचा. मला ते हसू आवडायला लागलं होतं.

माथा हाकेच्या अंतरावर आला आणि वाळल्या गवतावरून माझा पाय सुटला.

"अनुजा!"

माझं मनगट त्याच्या मुठीत होतं. मी वाचले, नवस मोडला. सरलाबाई मटकन खाली बसल्या. देव कोपला आणि काकांचं दुखणं उलटलं तर? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनीच पदराने डोळे पुसले. "आते खाले जाय. पायथापाईन परत चढ."

"मीपण जाते," मी म्हणाले. कुणी नको म्हटलं नाही.

उतरताना बोलायची मुभा होती, पण आता तो अडखळत होता.

"मला पर्वत पाटियालाच कळलं होतं... तुम्ही चुकून बसताय ते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर – उतरला असतात."

राग यायला हवा होता, आला नाही. सुरतेत भेटाल का, त्याने विचारलं. पायथा येईपर्यंत मी उत्तर दिलं नाही.

त्याने पुन्हा हात जोडले, ओठ मिटले. मी त्याला थोडं चढू दिलं.

"भेटेन," मी म्हणाले. "आणि ऐका – तुम्ही मला आवडलात. फार."

तो गर्रकन वळला. तोंड उघडलं, चटकन मिटलं, कानापर्यंत लाल झाला. मग त्याने माझा हात धरला, आणि माथ्यावरचा देव येईपर्यंत सोडला नाही.