ट्रेझीसचा डॉलर

व्हर्जिनिया सिटी या खाणींच्या गावात, वेंडेल प्रुइटच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात जो येतो तो खजिना सापडल्याच्या थाटात येतो, आणि बहुतेक जण तोंड पाडून परत जातात. त्याला वेंडेलचा इलाज नव्हता. त्या दुपारी लोर्ना ट्रेझीस आली तेव्हाही त्याने आधी कॉफी ओतली आणि मगच भिंग काढलं.

तिने रुमालातून चांदीचा डॉलर काढला. तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गार्थ खाणीत उतरला, तो घरी आलाच नाही. कुणा बाईबरोबर रीनो शहरात पळाला, असं गावाने ठरवून टाकलं होतं. गेल्या आठवड्यात खाण कंपनीने एक ढासळलेला बोगदा उपसला, तर आत पाण्यात त्याचा कोट सापडला. कोटाच्या खिशात हे नाणं. हाडं मात्र नव्हती.

"त्याचंच आहे का, तेवढं सांग," लोर्ना म्हणाली. "शेरीफ म्हणतो, कुणीही आणून टाकलं असेल. आणि माझं मन राखायला काही बोलू नकोस."

वेंडेलने नाणं कडांनी धरलं. वजन, साल, काठावरच्या रेघा, कार्सन सिटीच्या टांकसाळीची दोन अक्षरं, सगळं अस्सल. आणि नाण्यावरच्या देवीच्या गालावर ती तिरपी झीज. खिशात एक नाणं बाळगायचं आणि बोलता बोलता अंगठ्याने चोळत बसायचं, ही इथल्या पुरुषांची खोडच. गार्थने तर याच काउंटरला टेकून, हाच डॉलर चोळत वेंडेलचं डोकं खाल्लं होतं.

"त्याचंच. पण लोर्ना, घासलंस का गं हे? घासलं की किंमत मातीत जाते."

"मी काय काल आले या गावात? शेरीफने दिलेल्या पाकिटातून थेट रुमालात घेतलंय. पुसलंसुद्धा नाही."

तेच तर खटकत होतं. खाणीच्या पाण्यात चांदी काळीठिक्कर पडते. हे दुधासारखं पांढरं होतं. घासल्याचा एकही ओरखडा भिंगाखाली दिसेना. दिसत होती ती कातडीची मऊ झीज आणि ताजा तेलकटपणा.

"हे पाण्यात पडून राहिलेलं नाणं नाही," तो नाइलाजाने म्हणाला. "परवापरवापर्यंत कुणीतरी हे चोळत होतं."

लोर्नाचा चेहरा उतरला. "म्हणजे जिवंत होता. म्हणजे टाकूनच गेला मला."

वेंडेलला फार वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने नाणं प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत ठेवलं, चारही स्क्रू आवळले आणि तिचा कप पुन्हा भरला.

किंमत सांगायला त्याने डबी उचलली. ती कोमट होती.

मघाशी वाचलेलं साल आता इतकं झिजलं होतं, की वाचता येईना.

झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या काळ्या मातीचा अंगठा उमटला होता.

लोर्ना डबीवर वाकली. मग तिने स्वतःच्या गालावरून हात फिरवला, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"कुठे गेलाच नव्हता तो," ती हळूच म्हणाली. "उघड, वेंडेल. पुन्हा कोंडू नकोस त्याला."

वेंडेलने एकेक स्क्रू सैल केला. शेवटचा अजून अर्धाच फिरला होता, तोच त्याच्या बोटाखालचं झाकण आतून हलकेच वर उचललं गेलं.