चौथा पलंग

वॉर्डात नऊ पलंग होते, तीन-तीनच्या तीन ओळी, पण भरलेले नेहमी तीनच. धोब्याकडच्या चादरींचा मेळ बसावा म्हणून सिस्टरबाई रोज भरलेल्या पलंगांवर वहीत फुल्या मारायच्या. आठवड्यानं वही चाळताना त्यांचा हात थबकला. एक दिवस मधली आडवी ओळ भरलेली, दुसऱ्या दिवशी मधली उभी. परत आडवी, परत उभी. दुपारी दोनच्या घंटेला टोकांचे दोघे दगावायचे आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दोन बाजूंना नवे यायचे. मधले आजोबा तेवढे होते तसेच.

आज आडवी ओळ होती. डाव्या टोकाला सिस्टरबाईंची आई, काल संध्याकाळी साध्या तापानं आलेली.

त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. तो गणिताचा मास्तर. संगणकावर चौकटींचा खेळ तासन्तास बघत बसायचा; शेजारी किती चौकटी पेटल्यात त्यावरून प्रत्येकीचं विझणं-पेटणं ठरायचं.

“एका ओळीत तीन? टोकं विझतात, मधली राहते. आडवी-उभी, आडवी-उभी. आपणहून नाही थांबत ते, ताई.”

“मग थांबवायचं कसं?”

“एक टोक उचलून मधलीच्या खाली ठेव. कोपरा झाला की मोकळी चौथी आपोआप पेटते. मग चौकोन हलत नाही. एखादी काढलीस तरी परत भरते... आई कशी आहे?”

“बरी होईल,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. डॉक्टर हसले तर हसोत.

उजव्या टोकाला पाय मोडलेला ड्रायव्हर होता. “बाई, इथं खिडकी आहे हो.”

“खिडकी उद्या परत देईन. चला.” त्यांनी एकटीनं त्याला आजोबांच्या पायथ्याच्या पलंगावर नेलं.

घंटा झाली. आईचा श्वास अडखळला... आणि परत लागला. फिनेलच्या वासात ओल्या मातीचा वास मिसळला. कोपऱ्यातला रिकामा चौथा पलंग करकरला, कुणी बेतानं टेकावं तसा. चादरीत खळगा पडला.

त्यानंतर वॉर्डात कुणी दगावलं नाही. चौथ्या दिवशी भाऊ आईला घरी घेऊन गेला. सिस्टरबाईंनी स्वतः तिच्या पलंगाची चादर बदलली, ताणून बसवली.

दोनला फोन लावला. आई ठणठणीत होती, सुनेला भाजीतलं मीठ सांगत होती. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मागे आईचा पलंग करकरला.

“बाळ... पाणी देतेस?”

फोनवर आई अजून बोलतच होती. सिस्टरबाईंनी पेला भरला, उशाशी ठेवला, आणि वहीत चौथी फुली मारली. मान वर केली तेव्हा पेला अर्धा झाला होता.