हेतुकोशात नसलेली हालचाल

सराव-स्वयंपाकघरातली शेगडी खरी होती, पातेली खरी होती, खिडकीबाहेरचा शेवगाही खरा होता. घरापेक्षा फरक एवढाच, की इथे काही सांडलं तर कुणी ओरडायचं नाही. हा नियम शकुंतला आवळेनं केला होता. तो मोडणाऱ्या नातेवाइकाला ती दाराबाहेर काढायची, मग तो आमदाराचा मेहुणा का असेना.

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रात ती व्यवसायोपचार करायची. नाव ऐकून लोक विचारत, "म्हणजे नोकरी लावून देता का?" ती सांगे, "नाही. चहा करायला शिकवते." लोक हसत. हसणाऱ्याचा उजवा हात उद्या लुळा पडला, की हाच गडी शर्टाच्या गुंडीपुढे बसून रडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या कपाटात सायकलची ट्यूब गुंडाळून मूठ जाड केलेले चमचे होते, एका बाजूने उंच काठाच्या ताटल्या होत्या, गुंडी ओढून घ्यायचे तारेचे आकडे होते. यातल्या एकाही वस्तूचं उद्घाटन करायला कधी मंत्री आला नव्हता.

आज मात्र पुण्याहून माणूस आला होता. ऋत्विज लेले, अभियंता. त्याच्या पेटीत दोन करड्या बाह्या होत्या, बोटांपासून दंडापर्यंत पोचणाऱ्या. कंपनीनं त्यांना नाव दिलं होतं 'हेतुबाही'.

समोर खुर्चीत पद्मावती मगदूम. सगळं जयसिंगपूर त्यांना पद्माक्का म्हणायचं. कंपवातानं त्यांचे दोन्ही हात थरथरत आणि आवाज इतका बारीक झाला होता, की ऐकणाऱ्याला वाकावं लागे. नवरा गेल्यापासून त्या एकट्या राहत. मागच्या महिन्यात दुधाचं पातेलं हातावर पालथं झालं आणि मुलगा भरतेश पुण्याहून धावत आला. आता तो आईला घेऊनच जायचं म्हणत होता. घराला कुलूप, आणि पुण्याच्या चौदाव्या मजल्यावर पगारी बाईच्या ताब्यात आई. वाईट नव्हता तो. घाबरला होता. मायलेकांचं एवढंच ठरलं होतं, की आवळे बाईंनी 'एकटी राहू शकते' असं सांगितलं तर पद्माक्का राहणार. नाहीतर पुणे.

ऋत्विजनं बाही टेबलावर उघडून ठेवली. पद्माक्कांनी थरथरता हात आत सरकवला आणि बाही आपसूक आवळली. दंडावरचा पट्टा खट्कन बसला. दुसरीही तशीच चढली.

"घालायला सोपी हाय," पद्माक्का म्हणाल्या. "काढायची कशी ओ?"

"आजी, लोक काढायलाच तयार नसतात!" ऋत्विज हसला. "काढायला सोबतचं माणूस असतंच की."

शकुंतलानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे कैक दिवस ती त्यासाठी स्वतःला शिव्या घालणार होती.

"आता मला नीट समजावून सांग," ती म्हणाली. "जाहिरातीतलं नको."

"मनगटावर एक बारीक डोळा आहे, आत स्नायूंची हालचाल टिपणारे तंतू आहेत," ऋत्विज म्हणाला. "हात हलायला लागला, की पहिल्या निमिषातच बाही ओळखते, या माणसाला काय करायचंय. समोर कप आहे, बोटं कपाच्या कानाकडे निघालीत, म्हणजे कप उचलायचाय. पुढचं काम ती त्या हाताकडून पूर्ण करून घेते. ताकद तिची, हेतू माणसाचा."

"हेतू ओळखते कशावरून?"

"हेतुकोशावरून. हजारो निरोगी माणसांना प्रयोगशाळेत बोलावून कामं दिली. भात कालवा, कुलूप उघडा, भांग पाडा. प्रत्येक कामाची सुरुवात कशी होते ते बाहीला शिकवलं."

"आणि कोशात नसलेली हालचाल आली तर?"

"तर तो कंप. तो ती दाबून टाकते. सगळी गंमत त्यातच आहे."

पद्माक्का उठल्या. पातेल्यात पाणी ओतलं, साखर घातली, चिमटीनं चहापत्ती सोडली. एक दाणा बाहेर पडला नाही. कप बशीवर ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही. भरतेशनं चहा घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. रडताना दिसू नये म्हणून पुरुष जे जे करतात ते सगळं त्यानं केलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण कंपनीला चित्रफीत हवी होती आणि चित्रफितीत म्हणे जेवण हवंच. चित्रीकरणाचा उडता डोळा काही केल्या सुरू होईना. ऋत्विज त्याच्याशी झटत बसला. ताटलीतला आमटीभात निवत चालला. शेवग्यामागचं ऊन तांबूस झालं आणि मग गेलंच. पद्माक्का दोन-तीनदा खिडकीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. वाकून ऐकायला कुणी जवळ नव्हतं.

"हां, सुरू झालं! घ्या आजी."

पद्माक्कांचा हात ताटलीकडे गेला. चमच्याशी थबकला, एकदा हिसडल्यासारखा झाला आणि एकदम स्थिर होऊन चमचा भरून वर आला. त्यांनी मान वळवली. चमचा तोंडामागोमाग वळला. त्यांनी ओठ मिटले. चमचा ओठांशी अदबीनं थांबला, आणि त्या 'नको' म्हणायला गेल्या तेवढ्यात आत शिरला.

भरतेशनं टाळ्या वाजवल्या. "आई! किती दिवसांनी स्वतःच्या हातानं घास घेतलास!"

शकुंतलाला फक्त पद्माक्कांचे डोळे दिसले. असे डोळे तिनं पाहिले होते, पण दवाखान्यात नव्हे. पदराआड हात धरून ओढून नेलेल्या बाईचे असतात तसे.

"थांबव ते," ती ओरडली. "काढ बाह्या. आत्ता!"

बाह्या निघाल्यावर पद्माक्कांनी घास पदरात थुंकला. हात पुन्हा पहिल्यासारखे थरथरू लागले. शकुंतला त्यांच्या तोंडाशी वाकली.

"सूर्य गेल्ता, बाई," पद्माक्का म्हणाल्या. "दिवस बुडल्यावर आमी अन्न घेत न्हाई. लग्नाआधीपास्नं पाळत आलोय मी. ताटली बाजूला सारायला गेलो, तर हात ऐकंना."

भरतेशचा चेहरा उतरला. "माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"तुझं जाऊ दे. दुसऱ्या कुणी भरवलं असतं, तर त्याचा हात धरला असता. सोताचा हात कुणी धरायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलानं ऋत्विजला पडद्यासमोर बसवलं. कालच्या हालचालींची नोंद रेषांनी उमटलेली होती. घासाच्या जागी शेरा होता, 'हेतू: भोजन. यशस्वी.' त्याच्या अलीकडे एक वेडीवाकडी रेघ आणि शेरा, 'कंप. दाबला.'

"हा कंप?" तिनं विचारलं.

"कोशात नाही, म्हणजे कंपच."

तिनं टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली. टकटकटकटक, एकसारखी. "कंपवाताच्या थरथरीला ताल असतो. हे बघ, चहाच्या नोंदीत आहे. इथेही आहे. आता या रेघेत दाखव मला ताल."

ऋत्विजनं रेघ मोठी केली. ताल नव्हता. एक लांब, आडवा, पुन्हा पुन्हा केलेला रेटा होता.

"तुझ्या कोशातल्या हजारो माणसांना तू काय सांगितलंस? काम करा. त्यांनी केलं. काम करायला नाही म्हणणारा एक तरी होता का?"

"जे नाही म्हणाले ते प्रयोगात नव्हतेच."

"मग बाहीला 'नको' कुठून येणार? म्हाताऱ्यांना बाळ म्हणणारी, नाक दाबून तोंड उघडणारी माणसं मी जन्मभर बघितली. त्यांच्याशी भांडता तरी येतं. तू तर म्हातारीचाच हात फितवलास!"

ऋत्विजनं रेघ पुन्हा एकदा शेवटपर्यंत सरकवून पाहिली. तरुण होता, हुशार होता, आणि एक बरं होतं, चूक दाखवली की त्याला ती दिसायची. "दुरुस्त करतो," तो म्हणाला. "नवे लोक बोलावतो. त्यांना नकार द्यायला सांगतो. ताटली ढकला, हात मागे घ्या…"

शकुंतला मोठ्यानं हसली. "तू सांगणार नकार द्या, ते देणार. हा नकार झाला का रे? हे तर आज्ञापालन. ज्याला खरंच नको आहे, त्याचाच हात हवा तुला."

"असे हात कुठून आणू?"

तिनं पडद्यावरच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "तुझ्याकडे आहेत. फेकून दिलेल्यात."

आजवर बाही घातलेल्या साऱ्या वृद्धांचे दाबलेले कंप कंपनीकडे साठून होते. कचरा म्हणून कुणी ते बघितले नव्हते. ऋत्विजनं त्यातून ताल असलेली थरथर वेगळी काढली. जे उरेल ते नकार. तो पुण्याला गेला आणि पावसाळा सरता सरता परत आला तेव्हा दाढी वाढलेली होती.

"ताटली ढकलणं आहे," तो म्हणाला. "अंगाला लागणारा हात झटकणं आहे. पण हे सगळं थोडं थोडं. सगळ्यात मोठा ढीग एकाच हालचालीचा आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या नोंदीत सापडते. डावा हात उजव्या दंडाकडे जातो. उजवा, डाव्या दंडाकडे. बाही तो मधेच थोपवते, तो पुन्हा जातो."

"दंडावर काय असतं?"

"पट्टा."

शकुंतला खुर्चीत मागे टेकली. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती सदरा घालायला शिकवण्याआधी काढायला शिकवत असे. काढणं सोपं, आणि काढता आलं की घालायची भीती जाते. नव्या मुलींना ती हे पहिल्याच दिवशी बजावायची. आणि पद्माक्कांनी 'काढायची कशी ओ' म्हणून विचारलं, तेव्हा हीच बया ऐकून न ऐकल्यासारखं करून उभी होती.

"साहेब म्हणाले, पट्ट्याची हालचाल वगळ," ऋत्विज खाली बघत म्हणाला. "गिऱ्हाईक बाही काढून ठेवायला लागलं, तर वापर कमी दिसेल."

"वगळलीस?"

"नाही."

"मग दाढी कर, आणि चहा पी."

चाचणी संध्याकाळी ठेवली. आईला नेणं भरतेशनं या चाचणीपर्यंत थांबवलं होतं; तो आला होता, रात्रीच्या गाडीनं परतणार होता. दोन तिकिटं काढून आला होता. शकुंतलानं दोघांना बजावलं, "त्यांना काहीही सांगायचं नाही. सांगून केलं तर ते मोजता येत नाही."

पद्माक्कांनी बाह्या चढवल्या. ताटली समोर होती. शेवग्यामागचं ऊन तांबूस झालं, मग गेलं. खोलीत कुणी हललं नाही. भरतेशच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आई, दोन घास…" आणि त्यानं जीभ चावली.

पद्माक्कांचा हात ताटलीकडे निघाला. चमच्याशी थबकला. मग हाताची पाठ ताटलीच्या काठाला लागली आणि ताटली हळूहळू टेबलाच्या टोकापर्यंत सरकत गेली. आमटीचा एक थेंब सांडला नाही. कुणाचा नकार इतका नीटनेटका शकुंतलानं आजवर पाहिला नव्हता.

तिला वाटलं, झालं. पण डावा हात उठला. उजव्या दंडाकडे गेला. बोटं पट्ट्यावर पोचली, आणि डाव्या बाहीनं त्या बोटांना जोर दिला. खट्. उजवी बाही सैल होऊन गळून पडली.

आता उजवा हात उघडा होता आणि जोरात थरथरत होता. डावी बाही काढायची तर ती याच हातानं. मदत करणारं यंत्र आता टेबलावर पडलं होतं. उरलेल्या डाव्या बाहीला जे करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं. दंड पुढे केला आणि अजिबात न हलता धरून ठेवला.

उघडी बोटं पट्ट्यावर आली, घसरली, पुन्हा आली. भरतेश अर्धवट उठला. शकुंतलानं त्याचं मनगट पकडलं आणि सोडलं नाही. तिचा दुसरा हातही शिवशिवत होता, तो तिनं मांडीखाली दाबला. पट्टा निम्मा सुटला, परत बसला. पद्माक्कांच्या कपाळावर घाम आला. ऋत्विजनं डोळे मिटून घेतले होते.

खट्.

दोन्ही बाह्या टेबलावर. पद्माक्कांनी थरथरते हात मांडीवर घेतले आणि ते तसेच थरथरू दिले.

शकुंतलानं भरतेशचं मनगट सोडलं. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. "एकट्या राहू शकतात," ती म्हणाली.

"पण काढूनच टाकली तिनं," भरतेश गोंधळला होता. तो आईसमोर उकिडवा बसला, कान तिच्या तोंडाशी नेला. "आई, नकोच का तुला ही?"

"नको कशाला? दिवस उगवला की घालतो. दिवस मावळला की काढतो." पद्माक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे केस आपोआप कुरवाळले जात होते. "आता ऊठ. तुझी गाडी जाईल. आणि माझं तिकीट परत कर."