वसुलीची चौथी पायरी

जाई आणि प्रबोध पहिल्यांदा समोरासमोर आले ते सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस स्टेशनात, आणि तेव्हाही जाई रागावलेलीच होती. संगीत मंडळाची निमंत्रणं तिनं एकटीनं पाकिटांत भरली होती, लेबलं एकटीनं चिकटवली होती. कार्यकारिणीत माणसं ढीगभर, पण कामाला हात एकच! त्यात पिशवीचा बंद तुटला आणि सगळी पाकिटं सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पसरली.

एक उंच तरुण वाकून ती गोळा करू लागला. मध्येच थांबला.

"अहो, हे तर माझंच!"

"तुम्ही कोण?"

"प्रबोध. नवा सभासद. पेटी वाजवतो." त्यानं आपलं पाकीट खिशात घातलं. "चला, पोस्टमनची एक फेरी वाचली."

हसताना त्याचा एक डोळा किंचित बारीक व्हायचा. जाईनं ते पाहिलं… आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

त्या वर्षी त्यानं फी वेळेवर भरली. दुसऱ्या वर्षी मात्र चक्क बुडवली! मंडळाच्या वसुलीला चार पायऱ्या होत्या: आधी छापील स्मरणपत्र, मग त्याच पत्राखाली हातानं लिहिलेल्या दोन ओळी, मग फोन, आणि निगरगट्टांसाठी पावतीपुस्तक घेऊन थेट दारात. प्रबोध दोन पायऱ्या आरामात चढला. तिसरीवर तर त्यानं मुक्कामच ठोकला.

"फीचं काय झालं?" जाई फोनवर कडाडायची.

"भरतो ना. पण आवाज बसलाय तुमचा. गरम पाणी प्या."

"माझ्या आवाजाचं मी बघेन!"

"बरं, एकट्याची फी आणि कुटुंबाची फी, असे दोन भाव आहेत ना? मी अजून ठरवतोय."

"त्यात ठरवायचंय काय? एकटे आहात तुम्ही!"

"तेच तर दुखणं आहे…"

फोन ठेवल्यावर जाई हौगांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये तरातरा फेऱ्या मारायची. काय हा माणूस! बहीण ललिता विचारायची, "वसुलीच्या फोनला इतका वेळ लागतो?" जाई गरम पाणी ठेवायची.

वर्षानुवर्षं सगळ्यांची पाकिटं भरल्यावर यंदा कुठे शनिवारच्या वार्षिक संगीतसभेत जाईला स्वतःचं गाणं मिळालं होतं. सिंगापुरात मंडळाचे पेटीवाले दोन. त्यांतले रवींद्रकाका नातवाच्या मुंजीला पुण्याला गेलेले. उरला प्रबोध. आणि ऐन वेळी अध्यक्ष भाऊसाहेबांचा फोन आला.

"जाई, आज संध्याकाळपर्यंत ज्याची फी नाही, तो शनिवारी मंचावर बसणार नाही. पेटी नसेल तर तुझ्या जागी पेटीशिवाय गाणारं दुसरं कुणीतरी येईल. नियम तूच करून घेतलास, बाळ."

खरंच तिनंच करून घेतला होता, भांडून. आता स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यासारखं झालं होतं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पावतीपुस्तक उचललं आणि प्रबोधच्या तुआसमधल्या कारखान्याची वाट धरली. बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, आधी एमआरटीची मेट्रो, मग बस. वाटभर ती त्याला मनात शिव्या घालत होती, आणि एकही पुरेशी जहाल वाटत नव्हती.

कारखान्याबाहेरच्या बसथांब्यावर पाऊस धो धो कोसळत होता. प्रबोध हेल्मेट डोक्यावर धरून धावत आला. जाईला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"चौथी पायरी! आलात शेवटी!"

"लाज नाही वाटत?" जाई उसळली. "शनिवारी माझं पहिलं गाणं आहे. कार्यक्रमपत्रिकेत पेटीवादक म्हणून तुमचं नाव छापलंय मी. आज फी आली नाही, तर तुमच्याबरोबर माझंही गाणं जाणार!"

त्याचं हसू मावळलं. "मला माहीत नव्हतं… शपथ! मला वाटलं, गेलं तर माझंच जाईल." त्यानं खिशातून पैसे काढले. नोटा घडी करकरून मऊ झाल्या होत्या. "कधीचे तयार आहेत."

"मग भरले का नाहीत?"

"गेल्या वर्षी लगेच भरले. वर्षभर काय आलं? छापील लेबलं! आणि तो अभय, पक्का बुडव्या, त्याला तुम्ही फोन करता. मग मी म्हटलं…" तो पावसाकडे बघत राहिला. "मला तुमचा आवाज ऐकायचा असतो, जाई. रागावलेला का असेना."

"म्हणजे मी इतके महिने जिवाचं रान केलं, ते याच्यासाठी? सरळ सांगता येत नव्हतं?"

"भीती वाटायची."

"माझी?"

"मग कुणाची!"

जाईला हसू फुटलं. ते दाबायला तिनं पावतीपुस्तक उघडलं. त्याचं नाव लिहिलं, पावती फाडली, त्याच्या ओल्या हातात ठेवली… आणि तिचा हात तिथंच राहिला.

"एकट्याची लिहिलीत," तो हळूच म्हणाला.

"यंदा एकट्याचीच." बस आली, दार उघडलं, तरी तिनं हात काढून घेतला नाही. "पण पुढच्या वर्षी एकट्याची फी घेऊन आलास ना, तर पावतीच फाडणार नाही मी!"