ढोम्याला नेणारं पथक

हातात लेखी हुकूम नसेल तर सरकारी माणसालासुद्धा नागरिकाच्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही. उंबऱ्याच्या आत नागरिक राजा असतो.

आगर गावच्या पुतळी तांडेल यांच्या घराला उंबरा नव्हता. मागच्या बाजूला दारही नव्हतं. तिथे जुनं जाळं टांगलेलं होतं. शुक्रवारी सकाळी खाकीतले दोन साहेब आले, राजाला "बाजूला व्हा" म्हणाले आणि त्याचा कुत्रा ढोम्या याला घेऊन गेले. राजाने त्यांना चहाही पाजला.

दुपारी पुतळीबाई कुत्र्याची चौकशी करायला नगरपरिषदेत गेल्या. तिथे कळलं, की कुत्रे पकडायला आज कोणी कुठेच गेलेलं नाही.

पोलीस ठाण्यात हरवलेल्या कुत्र्याची तक्रार घ्यायला कोणी राजी नव्हतं. पण नेणारे तोतया सरकारी अधिकारी होते म्हटल्यावर सगळे सरळ बसले. कुत्रा चोरीला गेलेला चालतो, खाकी चोरीला गेलेली चालत नाही. उपनिरीक्षक क्रांती सावे हवालदार लोखंड्यांना घेऊन आगरला निघाल्या.

घरामागच्या सारवलेल्या अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत घातला होता. पलीकडच्या टोकाला माडाच्या बुंध्याशी रिकामा खुंटा. लोखंडे सोलापूरकडचे. ते बुटांसकट सरळ खुंट्याकडे चालू लागले.

"हवालदारसाहेब, वहाणा काढा," पुतळीबाई म्हणाल्या. "लक्ष्मी हाय ती."

लोखंड्यांनी बूट उचलून बघितला. तळाला जवळ्याची चटणी झाली होती. ते मागे सरकले आणि आणखी थोडी चटणी झाली.

क्रांतींनी चपला काढल्या आणि कडेला बसून विचारायला सुरुवात केली.

"कसे होते दोघे?"

"एक बोलका. नगरपरिषदेच्या पथकाचा साहेब हाय म्हनाला. कुत्र्याची तक्रार हाय म्हनाला. दुसरा तोंडातून शब्द काढेना. डोक्याला टोपी, तोंडावर फडकं, हातात फासाची काठी."

"चहा दोघांनी घेतला?"

"बोलक्याने घेतला. दुसऱ्याने फडकं सोडलं नाय. त्याचा निवला."

"कागद दाखवला काही?"

"गळ्यात कार्ड होतं."

"वाचलंत?"

"खाकीच्या छातीवर कोन वाचत बसतं, बाय?"

क्रांतींनी समजावून सांगितलं. ओळखपत्र हातात घेऊन बघायचं. पाळलेला कुत्रा नेणार असतील तर लेखी आदेश मागायचा. तो नसेल तर घरात येऊ नका म्हणायचा हक्क आहे. कुत्रा कुठे नेताय, तेही लिहून घ्यायचं.

पुतळीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे कवा सांगायचं? कुत्रा गेल्यावर?"

क्रांतींनी पुढचा प्रश्न विचारला.

"ढोम्या कोणाला चावला होता का?"

"नाय. मागच्या आठवड्यात अंगनातलं जाळं चोरीला गेलं, त्या राती लय भुंकला. सकाळी बघते तर तोंडाला रक्त. म्हटलं घूस मारली असंल."

"जाळ्याची तक्रार केली नाहीत?"

"तक्रार केल्यावर जाळं येतं का?"

लोखंडे बूट पुसण्यात गढले.

पुतळीबाईंचा नवरा समुद्रावरून परत आला नव्हता. मुलगा वापीला नोकरीत, होळीला येणारा. पाटी घेऊन त्या बाजारात गेल्या की घर ढोम्याच्या ताब्यात असायचं. "मला तो जिता आनून द्या," त्या म्हणाल्या. "बाकी कोनाला धरा, कोनाला सोडा, तुमचं तुम्ही बघा. घरात भुंकायला आता मीच उरले."

क्रांती खुंट्याकडे बघत होत्या. जवळ्यामधून एक अरुंद वाट गेली होती. दोन्ही कडांना जवळा नीट सारलेला, एकही चिरडलेला नाही.

"ही वाट कोणी केली?"

"त्या मुक्या साहेबानेच. रीतीचा होता तेवढा. गमबूट काढून कडेला ठेवले आनि हाताने जवळा सारत गेला. ढोम्याला फासात धरून आनला तोसुद्धा त्याच वाटेने." त्यांनी लोखंड्यांच्या बुटांकडे एकदा बघितलं. "सगळेच खाकीवाले सारके नसतात."

शनिवारी क्रांतींनी नगरपरिषदेच्या श्वानवाहनाचा चालक देवजी याला गाठलं. वाहन विटांवर उभं होतं आणि इंजिन दुरुस्तीला गेलं होतं, दिवाळीपासून. देवजीचं म्हणणं, गाडी असती तरी गळ्यात पट्टा असलेल्या कुत्र्याला ते हात लावत नाहीत. भटका उचलतात, नसबंदी करतात, लस टोचतात आणि जिथून उचलला तिथेच आणून सोडतात. "लोकांना वाटतं आम्ही डांबून ठेवतो. ठेवायला जागा कुठंय?"

मग तुषार. पुतळीबाईंच्या मागेच त्याचं होमस्टे होतं. पाटीवर 'समुद्राची शांतता' असं लिहिलं होतं, आणि पाहुण्यांना ऐकू यायचा तो ढोम्या. दर महिन्याला तक्रार आपणच करतो, हे त्याने न लपवता सांगितलं. सोमवारी गाडी येऊन कुत्रा घेऊन जाणार, असं नाक्यावर सगळ्यांना सांगतही होता.

"सोमवारी येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच सांगत होतो. दबाव राहतो, मॅडम."

"शुक्रवारी त्या अंगणात तुम्ही गेला होतात?"

"एकदाच गेलो होतो, गेल्या वर्षी. ती बाई अंगावर आली आणि बूट टाकून द्यावे लागले. परत कोण जातंय?"

किनाऱ्यावर वाळूशिवाय काही नव्हतं. होड्या सगळ्या समुद्रात होत्या. एकच वाळूत बसलेली, संदीप तांडेलची. संदीप पुतळीबाईंच्या दिराचा मुलगा. अंगणाच्या जागेवरून दोन घरांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. शेजारी म्हातारे अर्ध्या चड्ड्यांवर जाळी विणत बसले होते. संदीप फुल पँट घालून उभा होता. क्रांतींनी बसायला सांगितलं तरी तो उभाच राहिला.

"होडी काढली नाही?"

"इंजिन बिघडलंय."

शुक्रवारी कुठे होता, तर इथेच. कोणी बघितलं, तर कोणी नाही. उत्तरं तुटक होती. क्रांती निघाल्यावर मात्र तो मागे आला.

"मॅडम, ढोम्या जिवंत असेल ना? काकीसाठी विचारतो."

रविवारी सकाळी क्रांतींनी तुषार आणि संदीप यांना पुतळीबाईंच्या अंगणाच्या कडेला बोलावून घेतलं. जवळा तसाच पसरलेला होता. तुषार नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला. लोखंडे या वेळी बूट घरीच ठेवून आले होते.

"पहिली गोष्ट," क्रांती म्हणाल्या, "पथकाचा साहेब अंगणात शिरताना गमबूट काढतो का? आमच्या हवालदारांनी काढले नाहीत. तुषारभाऊंनी काढले नव्हते. खाकी घातलेल्या, घाईत असलेल्या, पकडले जायची भीती असलेल्या माणसाने मात्र काढले. वाळत्या मासळीवर वहाण पडू द्यायची नाही, हे ज्याला लहानपणी फटके खाऊन कळलंय, त्याचेच पाय कडेला थांबतात. म्हणजे मुका साहेब इथलाच. तोंड झाकून गप्प का होता, चहा का घेतला नाही, तेही यातच आलं. काकींनी आवाज ओळखला असता."

पुतळीबाईंनी पुतण्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"दुसरी गोष्ट. कुत्रा नकोसा झाला तर लोक विष घालतात. स्वस्त पडतं. इथे वेश, गाडी, फास, एवढा खटाटोप करून त्याला जिवंत नेला. जिवंत कुत्रा कोणाला हवा होता? जाळं गेलं त्या रात्री ढोम्याच्या तोंडाला रक्त होतं. ते घुशीचं नव्हतं. कुत्रा चावला की सगळे एकच सांगतात, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेव. जगला तर तू वाचलास, मेला तर तो पिसाळलेला. चोर लपून नजर ठेवत होता. तेवढ्यात तुषारभाऊंनी गावभर केलं, की सोमवारी गाडी कुत्र्याला नेणार. नेल्यावर तो जगला की मेला, हे कोण सांगणार? म्हणून खऱ्या पथकाच्या आधी खोटं पथक आलं."

"म्हणजे माझ्यामुळे?" तुषारने विचारलं. क्रांती संदीपकडे वळल्या.

"गावात सगळ्यांनी मला विचारलं, कुत्रा कुठे गेला. जिवंत आहे का, असं एकानेच विचारलं. संदीप, पँट वर घे."

त्याने घेतली. पोटरीवर हळद आणि तंबाखूची पूड थापलेली होती. खाली सगळं सुजून काळंनिळं झालं होतं.

"लाज नाय वाटली?" पुतळीबाई म्हणाल्या. "जाळं मागितलं असतंस तर दिलं नसतं, ती गोष्ट निराळी."

"दवाखान्यात का गेला नाहीस?" क्रांतींनी विचारलं.

"कोणाचा कुत्रा, ते विचारतील. मग रात्री तिकडे काय करत होतास, तेही विचारतील. केस झाली असती." संदीपने पँट खाली घेतली. "ढोम्या वेवजीला आहे. माझ्या दोस्ताच्या, मुकेशच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये. बोलका तोच होता, टेम्पो त्याचाच. काल संध्याकाळी फोन केला तर म्हणाला, बसलाय. काकी, आणून देतो मी."

ते सगळे पोलिसांच्या जीपमधून तलासरी ओलांडून वेवजीला गेले. मुकेश दारातच सापडला. पळाला नाही. शेडची किल्लीही त्यानेच दिली, पण स्वतः आत आला नाही.

शेडवर पत्रे होते आणि ऊन चढलेलं होतं. ढोम्या कोपऱ्यातल्या खांबाला बांधलेला होता, आडवा. तोंडाशी माश्या. पुतळीबाई त्याच्याजवळ बसल्या आणि पदराने माश्या वारू लागल्या.

संदीप दारातच खाली बसला. "मेला. म्हणजे पिसाळलेलाच होता. मी पण जाणार आता."

क्रांती त्याच्याकडे नाही, जमिनीकडे बघत होत्या. पावाचे तुकडे लांबून फेकलेले. पाण्याचं घमेलं भरलेलं होतं, काठापर्यंत. साखळी ताणून जिथवर पोचत होती, त्याच्या हातभर पलीकडे ते ठेवलेलं होतं. मधल्या जमिनीवर पंज्यांनी खोल चर पडले होते.

"घमेलं इथे कोणी ठेवलं?"

"मी," मुकेश बाहेरूनच म्हणाला. "जवळ कोण जाणार? चावला असता."

"परत बघायला आला होतास?"

"फटीतून बघायचो. बसलेला दिसायचा."

संदीपला त्याच दुपारी लस टोचली. आपण वाचणार, यावर त्याचा विश्वास बसेना. कोठडीत तो दर तासाला पाणी मागून घेई आणि घोट गिळता येतो की नाही ते तपासून बघे.

पुढे तपासणीचा अहवाल आला. ढोम्याला रेबीज नव्हता. अंगातलं पाणी संपून तो मेला होता. क्रांतींनी आगरला जाऊन हे सांगितलं, तेव्हा पुतळीबाई बोंबील उलटत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"म्हंजे चांगला होता," त्या म्हणाल्या.

"हो. चांगला होता."

कुत्रा चावल्यावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कुत्रा कोणाचा, असं विचारलंच तर बहुतेक लोक 'भटका' सांगतात आणि सुई टोचून घरी जातात.